एकट्याचा संसार, किती पगाराचा?

पुण्यात एकट्याला राहायला किती पगार पुरतो? लातूर, सोलापूर, जळगावहून पहिल्या नोकरीसाठी येणारी मुलं-मुली हा प्रश्न दहा जणांना विचारतात, आणि त्यांना वीस हजारांपासून एक लाखापर्यंत दहा उत्तरं मिळतात. सांगणारं कुणी खोटं बोलत नसतं. एक जण कॉट बेसिसवर राहून मेसमध्ये जेवलेला असतो, तर दुसऱ्याने बाणेरला टू बीएचके घेतलेला असतो. दोघंही आपापलाच खर्च सांगतात. त्यामुळे उत्तर ऐकण्यापेक्षा ते काढायचं कसं हे शिकलेलं बरं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं; पण पाय किती लांब आहेत हे फारसं कुणी मोजून दाखवत नाही.

मोजमापाची ही पद्धत आपल्याकडे बरीच जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता: एका माणसाला जगायला वर्षाला किती लागतं? त्यांनी अंदाज बांधत न बसता सरकारचेच कागद काढले. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठी ठरवलेला शिधा त्यांनी घेतला. त्यात तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल आणि मीठ होतं. या शिध्याला बाजारभाव लावला आणि तुरुंगातल्या कैद्यावर सरकार किती खर्च करतं हेही तपासलं. त्यांनी काढलेलं दरडोई उत्पन्न वर्षाला वीस रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे कैद्याला मिळतं तेवढंही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नव्हतं.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा हिशेब निव्वळ तग धरण्यापुरता आहे, हे दादाभाईंनी स्पष्ट केलं होतं. त्यात चैन धरलेली नाही, सामाजिक आणि धार्मिक गरजा धरलेल्या नाहीत, सुखदुःखाच्या प्रसंगांचा खर्च नाही आणि वाईट दिवसांसाठीची तरतूदही नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी बाजूला ठेवलेल्या या चार गोष्टी पुन्हा हिशेबात घेतल्या, की ‘सुखाने राहणं’ म्हणजे काय याची व्याख्या तयार होते. मला तरी याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

स्वतंत्र भारतात १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्र ठरवलं. कमावणारा एक, पत्नी ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६, असे तीन ‘उपभोग घटक’ त्यात धरले. प्रत्येक घटकामागे २,७०० कॅलरींचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाच्या वीस टक्के रक्कम. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १८,००० रुपयांचं किमान मूळ वेतन सुचवलं, त्याच्या मुळाशीही हेच सूत्र होतं.

मग सडाफटिंग माणूस म्हणजे एक घटक, त्याला कुटुंबाच्या एक तृतीयांश पैसे पुरे, असं म्हणता येईल का? नाही. तीन माणसांना तीनपट पोळ्या लागतात, पण तीन स्वयंपाकघरं लागत नाहीत. भाडं, इंटरनेट, फ्रिज, गॅसची शेगडी, झाडू-फरशीच्या मावशी हा खर्च माणशी वाढत नाही, तो दारामागे असतो. म्हणून ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मोजपट्टीत पहिल्या प्रौढ माणसाला १, दुसऱ्याला फक्त ०.५ आणि मुलाला ०.३ धरतात. म्हणजे दोघांचा खर्च दुप्पट होत नाही, दीडपट होतो. दोघांत राहणाऱ्याच्या वाट्याला पाऊण येतो आणि एकट्याला पूर्ण एक भरावा लागतो. जोडप्यातल्या एकापेक्षा एकट्याला राहणी सुमारे एक तृतीयांशाने महाग पडते ती अशी. आपल्याकडे मात्र लग्नाआधी पगार थोडा असला तरी चालतो, एकट्याला लागतं किती, अशीच समजूत आहे. ती धरून पगार ठरवणारे साहेबही आहेत.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. अठ्ठावीस वर्षांचा नोकरदार पुण्यात एकटा, छोट्या वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये, धायरी किंवा आंबेगावसारख्या मध्यम भाड्याच्या भागात राहतो, असं धरू. खालचे आकडे मी २०२५-२६ मधल्या साध्या राहणीचे धरून चाललो आहे. तुमचे वेगळे असतील तर माझे खोडून तुमचे घाला. रीत बदलत नाही.

भाडं १४,०००. बहुतेक जण इथेच फसतात, कारण भाडं म्हणजे घराचा खर्च नव्हे. करार अकरा महिन्यांचा असतो आणि एजंट एका महिन्याचं भाडं घेतो. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. त्यासाठी एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि वर करार करून देणाऱ्याची फी. आपल्या उदाहरणात हे सगळं पंधरा-सोळा हजारांवर जातं. दर अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं, तर भाड्यावर महिन्याला जवळजवळ दीड हजार रुपये चढतात. टेम्पो आणि हमाली मी यात धरलेली नाही, आणि सोडताना ‘रंगाचे पैसे’ म्हणून मालक अनामतीतून कापतो तेही नाहीत. म्हणून घर १५,५००.

वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल आणि पिण्याच्या पाण्याचा जार मिळून २,३००. जेवणासाठी दोन वेळचा डबा ४,०००. चहा, नाश्ता, दूध आणि फळं २,५००. स्वतः रांधलं तर थोडी बचत होते, पण एकट्याच्या स्वयंपाकात वाया जाणंही बरंच असतं. अर्धी कोथिंबिरीची जुडी आणि पाव किलो टोमॅटो यांचं काय होतं, हे एकट्या राहणाऱ्यांना सांगायला नको. दुचाकीचं पेट्रोल आणि पार्किंग २,५००. साबण, कपडे धुणं, इस्त्री आणि झाडू-फरशीच्या मावशी २,०००. बेरीज २८,८००.

हा झाला कैद्याचा शिधा. थोडा बरा कैदी, पण शिधाच. पुण्यात एवढ्यात भागतं म्हणणारे इथेच थांबलेले असतात.

दादाभाईंनी बाजूला ठेवलेल्या चार खात्यांपैकी पहिल्या तिन्हींत एक गंमत आहे: त्यातला मोठा भाग दर महिन्याला येत नाही. दिवाळीला घरी जाणं आलं, बहिणीला साडी, मित्राच्या लग्नाचा आहेर, दुचाकीचा विमा, टायर, दाताच्या डॉक्टरचं बिल. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, ‘या महिन्यात जरा खर्च झाला.’ पण ‘या महिन्यात’ वर्षातून नऊ-दहा वेळा येतं. उपाय सोपा आहे. वर्षाचा अंदाज करायचा आणि बाराने भागायचा. गावच्या चार फेऱ्या ८,०००, सणवार आणि आहेर १५,०००, कपडे-चपला १२,०००, आरोग्य विम्याचा हप्ता १०,०००, डॉक्टर-औषधं ८,०००, फोन-लॅपटॉपची झीज १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ७,०००. बेरीज ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. हे पैसे पगार होताच वेगळ्या खात्यात टाकले, तर ऑक्टोबरमध्ये क्रेडिट कार्ड घासावं लागत नाही.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, त्याला मोठ्या आयुर्विम्याची घाई नाही. एजंट मात्र पहिल्या पगाराला बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी घेऊन हजर असतो. एकट्याला खरी गरज असते आरोग्य विम्याची आणि अपघातात काम करता न आल्यास पैसे देणाऱ्या विम्याची, कारण तो अंथरुणाला खिळला तर घरात दुसरा पगार नसतो. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा हवा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढाच दिलासा.

हौसेला ५,०००. नाटक, सिनेमा, शनिवारचं हॉटेल, पुस्तकं, एखादा ट्रेक आणि वर्षाकाठी कोकणची एखादी सहल. हे खातं शून्य करून दाखवणारे वीर भेटतात. सहा महिने ते नेटाने करतात आणि सातव्या महिन्यात एकदम चाळीस हजारांची खरेदी करून बसतात. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठ २००८ पासून ‘किमान उत्पन्न मानक’ काढतं. त्यात तज्ज्ञांनी यादी ठरवून दिलेली नसते. सामान्य नागरिकांच्या गटांना बसवून कशाशिवाय सन्मानाने राहता येत नाही हे ठरवलं जातं. चारचौघांत मिसळण्याचा खर्च ते दर वेळी यादीत ठेवतात. २०२५ मध्ये तिथल्या एकट्या माणसासाठी हा आकडा वर्षाला ३०,५०० पौंड पगाराचा होता. घरात एकटा असणाऱ्याला घराबाहेर माणसं लागतात, आणि बाहेर भेटायला पैसे पडतात.

आतापर्यंतची बेरीज ३९,८००. उरलं चौथं खातं, वाईट दिवसांचं. सहा महिन्यांचा अत्यावश्यक खर्च हाताशी असावा असं म्हणतात. आपल्या उदाहरणात तो पावणेदोन लाखांच्या आसपास होतो आणि महिना ५,००० टाकले तर तीन वर्षांत जमतो. नोकरी गेली तर पुण्यातली खोली न सोडता दुसरी शोधता यावी, एवढ्यासाठी ही गंगाजळी. म्हातारपणासाठी पीएफव्यतिरिक्त आणखी ५,०००. एकूण ४९,८००. म्हणजे हातात पन्नास हजार.

आईवडिलांना पैसे पाठवणं मी यात धरलेलं नाही. ‘एकटा’ म्हणवणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांच्या मागे गावाकडे घर असतं, धाकट्याची फी असते, बोअरवेलचा हप्ता असतो. तो आकडा ज्याचा त्याने पन्नासच्या वर चढवायचा. रात्रपाळी करणाऱ्या मुलीने रिक्षा-कॅबचे आणि जरा बऱ्या वस्तीतल्या जादा भाड्याचे दोन-तीन हजार वाढवायचे. ‘फक्त फॅमिलीसाठी’ असं सांगणाऱ्या सोसायट्यांमुळे एकट्यांना पर्याय मुळात कमी उरतात, आणि उरलेल्यांचा भाव चढतो.

पन्नास हजार हातात यायला पगार किती हवा? कंपनी जो आकडा सांगते तो सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा तिचा एकूण खर्च. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे पीएफ वगैरेंसाठी धरायचं वेतन एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाही, म्हणून मूळ वेतन निम्मं धरू. त्याच्या बारा टक्के पीएफ कंपनी भरते आणि बारा टक्के तुमच्याकडून कापला जातो. दोन्ही सीटीसीतूनच जातात. ग्रॅच्युइटी म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दाखवतात. कायम नोकरीत ती एरवी पाच वर्षं टिकल्यावरच हाती येते. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. प्राप्तिकर मात्र या पातळीवर लागत नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य होतो. हे सगळं वजा केल्यावर सीटीसीच्या शंभर रुपयांतले साधारण पंच्याऐंशी हातात पडतात. पन्नास हजारांसाठी सीटीसी येतो वर्षाला सात लाखांच्या जरा वर. त्यातला दहा टक्के भाग ‘व्हेरिएबल’ असेल, म्हणजे कामगिरी बघून वर्षाअखेरीस मिळणार किंवा न मिळणार असेल, तर करारावर पावणेआठ लाखांहून थोडा जास्त आकडा हवा. काही कंपन्या पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच, म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात. हातात जास्त येतं खरं, पण म्हातारपणाचे पैसे आत्ताच मिळालेत हे लक्षात ठेवायचं.

ते म्हातारपण जरा तपासू. महागाई सहा टक्के धरली, तर आजचा चाळीस हजारांचा महिना तीस वर्षांनी दोन लाख तीस हजारांचा होतो. दोन्ही बाजूंचा मिळून सात हजारांचा पीएफ आणि आपले पाच, असे महिना बारा हजार तीस वर्षं आठ टक्क्यांनी वाढले, तर पावणेदोन कोटींच्या वर जमतात. ऐकायला भरपूर, पण त्या वेळच्या खर्चाला साडेसहा वर्षंच पुरणारे. हेच बारा हजार पगारवाढीबरोबर दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवत नेले, तर चार कोटींच्या घरात जातात आणि चौदा-पंधरा वर्षं निघतात. म्हणून पन्नास हजारांचा आकडा आजचा आहे. पाच वर्षांनी पगार तोच राहिला, तर माणूस मागे पडलेला असतो.

हा आकडा खाली आणायचा असेल, तर जोर लावण्याची जागा एकच: दार वाटून घेणं. तिघांनी २४,००० चा फ्लॅट घेतला तर प्रत्येकाला भाडं ८,०००. एजंट, इंटरनेट, मावशी यांच्यातही वाटणी. महिन्याला साडेसात हजारांच्या वर वाचतात आणि तीच राहणी बेचाळीस हजारांत, म्हणजे सहा लाखांच्या सीटीसीत बसते. चहा सोडून आणि ओटीटी बंद करून एवढे कधीच वाचत नाहीत. लहान शहरात गेल्यानेही लोकांना वाटतो तितका फरक पडत नाही. भाडं निम्म्यावर आलं तरी पेट्रोल, फोन, विमा आणि लग्नाचा आहेर पुण्याइतकाच असतो, त्यामुळे एकूण गरज जेमतेम पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि पगार बहुधा त्याहून जास्त उतरतो. मुंबईत उलट: लोकलचा पास स्वस्त, पण भाड्याचा आणि अनामतीचा आकडा बघितला की पन्नास हजारांत ‘एकट्याचं घर’ कल्याण-विरारच्या पलीकडे सरकतं.

उत्पन्नाचे निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला, हा अमेरिकेतला नियम आपल्याकडेही सांगतात. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ च्या पुस्तकात तो मांडला. आलेल्या पगाराची वाटणी करायला तो ठीक आहे, पण पगार मुळात पुरेसा आहे का हे तो सांगत नाही. आपल्या उदाहरणात वार्षिक खर्च धरून गरजाच सत्तर टक्के खातात. त्या निम्म्यावर आल्या नाहीत म्हणून स्वतःला उधळ्या ठरवायचं कारण नाही.

शेवटी, शहरात पाऊल टाकतानाची रक्कम वेगळी काढा. पहिलं भाडं १४,०००, तीन महिन्यांची अनामत ४२,००० आणि एजंटचे १४,००० मिळून सत्तर हजार पहिला पगार व्हायच्या आधीच लागतात, गादी-बादली-शेगडीचे वेगळे. हे हाताशी नसतील तर पहिले सहा महिने पीजी किंवा कॉट बेसिसच बरं. आणि ऑफर हातात पडली की एचआरला तीनच गोष्टी लेखी विचारा: दर महिन्याला खात्यात नक्की किती जमा होणार, व्हेरिएबल किती आणि गेल्या वर्षी त्यातलं प्रत्यक्षात किती दिलं गेलं, आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर की पंधरा हजारांवर. उत्तरं मिळेपर्यंत घराची अनामत भरू नका.